पेटीतली गादी

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. झोपायची नव्हे, व्हीलचेअरवर ठेवून बसायची. चार बोटं जाड, काळ्या कापडाची, मागच्या बाजूला दोन खळगे असलेली. मला सात वर्षं झाली, पण जो पाहतो तो म्हणतो, "अरे, ही तर नवीच दिसते!" माझी शिवण उसवलेली नाही, माझा स्पंज दबलेला नाही. माझ्यावर फक्त एक डाग आहे. लोकांना वाटतं, नवी म्हटल्यावर मला आनंद होत असेल. मला लाज वाटते. का, ते सांगते. गोष्ट फारशी गोड नाही, पण ती ऐकायला हवी.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे इंद्रजीत नावाचे कारागीर होते. ते स्वतः व्हीलचेअरवर बसत. प्रत्येक गादी तयार झाली की ते तिच्यावर बसायचे, खाली हात घालून हाड कुठे टेकतं ते चाचपायचे आणि सुरीने स्पंज थोडा थोडा कोरायचे. माझे खळगे त्यांना तीनदा कोरावे लागले. मी तेव्हापासूनच जरा हट्टी आहे. मला पॅक करताना ते बाजूच्या माणसाला म्हणाले, "ज्याला दुखतं, तो आपोआप सरकून बसतो. ज्याला दुखतच नाही, त्याच्यासाठी ही गादी आहे." तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही. वाटलं, दुखत नाही म्हणजे चांगलंच की! त्या वाक्यात काय लपलं होतं, ते पुढे कळलं.

पौषात उमरखेडला शिबिर होतं. मांडव, खुर्च्या, हार, भाषणं. एका संस्थेतर्फे व्हीलचेअरी वाटत होते. तिथे मी हिरासिंगच्या वाट्याला आले. हिरासिंग पस्तिशीचा, उमरखेडपासून चौदा किलोमीटरवरच्या बंजारा तांड्यावरचा. कापूस भरलेल्या गाडीवर दोर बांधताना तो खाली पडला आणि पाठीचा मणका गेला. कमरेखाली त्याला काहीच कळत नव्हतं. चटका नाही, टोचणं नाही, थंडी नाही. हात मात्र भक्कम होते आणि डोकं त्याहून तल्लख होतं.

संस्थेचा शाम नावाचा मुलगा एकेकाला खुर्ची समजावून देत होता. मागे रांग, वर भोंगा. "गादीवरच बसायचं. दर अर्ध्या तासाने हातावर जोर देऊन अंग उचलायचं. रोज आरसा धरून मागची कातडी पाहायची," तो घाईघाईने म्हणाला. हिरासिंगची आई, लालीबाई, माझ्यावरून हात फिरवत होती. तिने विचारलं, "हे खराब झाली त दुसरी भेटन का, बापू?" शाम म्हणाला, "दुसरी नाही मिळत, मावशी. जपून वापरा." मग पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं. मित्रांनो, त्या सगळ्या बोलण्यातलं लालीबाईच्या मनात एवढंच राहिलं, की दुसरी मिळत नाही.

घरी पोचल्याबरोबर तिने मला पदराने पुसलं, जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि पत्र्याच्या पेटीत ठेवलं. खुर्चीवर एक गोधडी घडी करून टाकली. खुर्चीचं प्लॅस्टिकही काढलं नाही, मळेल म्हणून.

हिरासिंगची बायको संगीता सासूला दारातून म्हणाली, "याडी, गादी बसाले देली ना? पेटीत कायले ठेवता?"

"गोधडी काय कमी मऊ हाय? इतकी चांगली वस्तू घाण होईन. पाव्हणे आले का काढू."

हिरासिंग हसला. "राहू दे व संगीता. मले कुठं टोचते?"

ते हसू मी पेटीच्या झाकणाच्या फटीतून ऐकलं. मग झाकण बंद झालं, आणि कडीचा आवाज आला.

पेटीत माझे शेजारी बडे होते. लालीबाईच्या लग्नातला फेटिया म्हणजे घागरा, आरशांची काचळी म्हणजे चोळी, एक शाल आणि स्टीलचा डिनर सेट. त्या सेटमध्ये कोणी एकदाही जेवलं नव्हतं. सगळ्यांना डांबरगोळ्यांचा वास. तांड्यावरची माणसं पूर्वी बैलांवर मीठ-धान्य लादून गावोगाव फिरत. तेव्हा घर म्हणजे एक पेटीच असायची. जे पेटीत राहिलं ते टिकलं, बाहेर राहिलं ते वाटेत हरवलं. लालीबाई हेच तिच्या आईकडून शिकली होती. ती कंजूष नव्हती. तिला ज्याची किंमत वाटे, ते ती पेटीत ठेवायची. कधीकधी वाटतं, हिरासिंगलाही पेटीत ठेवता आलं असतं तर तिने ठेवलं असतं.

बाहेर हिरासिंगने फवारणीचे पंप दुरुस्त करायला सुरुवात केली होती. आजूबाजूच्या गावांतून लोक बंद पडलेले पंप घेऊन येत. पंपाची मोटर घुर्र करून चालू झाली की तो "झाला पाय!" म्हणायचा, म्हणजे झाला बघ, आणि मला आतून बरं वाटायचं. पण दिवसाचे आठ-आठ तास तो त्या गोधडीवर बसे. काम हातात असलं की अंग उचलायचं कोणाच्या लक्षात राहणार? मी अंधारात पडून अर्धे तास मोजायची.

होळीनंतर शामचा फोन आला, उद्या पाहणीला येतो म्हणून. सकाळी पेटी उघडली. मला खुर्चीवर ठेवलं आणि पहिल्यांदा माझा माणूस माझ्यावर बसला. काय सांगू! माझे खळगे ज्यासाठी कोरले होते, ती दोन हाडं अगदी त्यात बसली. पण डाव्या बाजूला मला ऊब लागली. ताप आलेल्या कपाळासारखी, बोराएवढ्या जागेत. मी घाबरले.

शामने फोटो काढला, कागदावर खुणा केल्या. "गादी वापरता ना?"

"हो त," लालीबाई म्हणाली, "पाय ना, किती जपून ठेवली."

शाम खूश झाला. त्या दिवशी तो आणखी पाच गावं करणार होता. तो वाईट नव्हता हो. पण फोन करून येणाऱ्याला घर नेहमी झाडलेलंच दिसतं. त्याने मला पाहिलं, माझ्यावर बसलेल्याची कातडी पाहिली नाही. तो गेला आणि मी पुन्हा डांबरगोळ्यांत गेले.

उन्हाळ्यात लालीबाईने माझ्यासाठी खोळ शिवायला घेतली. आपल्या काचळीचे आरसे तिने एकेक करून उसवले आणि माझ्या खोळीवर जडवले. लाल-पिवळा दोरा, मधे आरसे, कडेने कवड्या. डोळे अधू झालेले, तरी दोन महिने ती दारात बसून शिवत होती. सून म्हणाली, "कोणासाठी येवढं?" तर म्हणे, "माह्या लेकाचं सिंहासन हाय थे." मित्रांनो, इतकी देखणी खोळ आमच्या जातीत कोणाच्या नशिबी आली नसेल. पण ती अंगावर चढली आणि माझे खळगे झाकले गेले. जिथे हाड टेकणार, नेमका तिथेच सगळ्यात मोठा आरसा होता.

श्रावणात तीज आली. पोरींनी टोपल्यांत गहू पेरले, तांड्यावर गाणी सुरू झाली, पाहुणे आले. पेटी उघडली. हिरासिंगला धुतलेला सदरा घालून सकाळपासून माझ्यावर बसवलं. येणारी प्रत्येक बाई खोळीवर हात फिरवून म्हणे, "कोणी शिवली व माय?" आणि लालीबाईचा चेहरा फुलायचा. माझं आयुष्यात एवढं कौतुक कधी झालं नव्हतं. आणि त्या पूर्ण दिवसात मी एकच गोष्ट ओरडत होते, याला उचला, याला उचला! आरशाची कड त्याच्या कातडीत जात होती. कवडी रुतत होती. तो पाहुण्यांशी हसून बोलत होता. त्याला कळत नव्हतं, मला कळत होतं. दुपारनंतर खोळ ओली झाली.

रात्री खोळ काढताना लालीबाईला तिच्यावर डाग दिसला. तिला वाटलं, पंपाचं तेल लागलं. तिने खोळ धुऊन वाळवली आणि आम्हाला पेटीत ठेवलं.

संगीताने मात्र आंघोळीच्या वेळी जखम पाहिली. तिने हळद लावली. "डाक्टरले दाखवू," ती म्हणाली.

"फवारणीचे दिवस हायत. बारा पंप पडून हायत. अन् दुखून त राह्यलं नाई," हिरासिंग म्हणाला. मग हळूच, "याडीले सांगू नको. तिच्या खोळीनं झालं म्हणून जिवाले लावून घेईन."

संगीताने सांगितलं नाही. जखमेचं तोंड हळदीने बारीक होत गेलं आणि तिला वाटलं, भरून येतंय. पण अशी जखम फसवी असते, मित्रांनो. बाहेरून बोराएवढी, आतून वाटीएवढी.

त्यानंतर पाहणीला कोणी आलं नाही. संस्थेच्या कामाची मुदत संपली होती, शामची नोकरीही गेली होती. पाहणी नाही, म्हणजे पेटी उघडायचं कारण नाही. खुर्ची मोडली तर सांगायचं कोणाला, जखम दाखवायची कुठे, आजारी माणसाचं करून करून थकलेल्या बाईने बसायचं कुठे, हे तांड्यावर कोणालाच ठाऊक नव्हतं. कापूस फुटला. संगीता दिवस उगवायच्या आत वेचायला जाऊ लागली.

मी अंधारातून ऐकत होते. आधी पंपांचा आवाज कमी झाला. मग घरात उदबत्त्या जास्त लागू लागल्या. डांबरगोळ्यांच्या वासातूनही मला तो दुसरा, जखमेचा वास आला होता. मग हिरासिंग जेवेना. मग त्याला हुडहुडी भरू लागली आणि लालीबाई म्हणाली, नजर लागली, तीजेला लई लोकांनी पाह्यलं ना. मग एक पूर्ण दिवस एकही पंप वाजला नाही.

दुसऱ्या दिवशी पेटीचं झाकण असं आदळलं की डिनर सेट खणखणला. संगीताने मला ओढून काढलं. खोळ फाडून फेकली. "आता जपता का, याडी? आता?" एवढंच ती म्हणाली. जीप दारात उभी होती. यवतमाळ लांब, नांदेड जवळ, म्हणून नांदेडला निघाले. हिरासिंगला कुशीवर निजवून मला त्याच्या कमरेखाली सरकवलं. रस्त्याला खड्डे होते. प्रत्येक खड्डा मी माझ्या अंगावर घेतला, त्याच्यापर्यंत पोचू दिला नाही. सात वर्षांत मी खरं काम केलं ते तेवढंच, तांडा ते नांदेड. माझ्यावरचा डाग तेव्हाचा.

डॉक्टर म्हणाले, जखम हाडापर्यंत गेली आहे, विष रक्तात भिनलं आहे. मग विचारलं, "बसायला गादी नव्हती का?" लालीबाईने मला छातीशी धरलं होतं.

एकोणिसाव्या दिवशी हिरासिंग गेला.

खुर्ची संगीताने गरजवंताला देऊन टाकली. मला मात्र लालीबाईने सोडलं नाही. सगळ्यांना वाटलं, पुन्हा पेटीत ठेवणार. तिने मला ओट्यावर, उन्हात ठेवलं. डाग धुवायला निघालेल्या शेजारणीचा हात धरला.

काही महिन्यांनी शाम आला, फोन न करता. ओट्यावरची मी दिसले आणि तो तिथेच खाली बसला. आता तो कोणत्याही संस्थेत नाही. उमरखेडला एका शाळेच्या खोलीत दर महिन्याला तो अपंग माणसांना आणि त्यांचं करणाऱ्या घरच्यांना एकत्र बोलावतो. दाखला कसा काढायचा, खुर्चीचं चाक कुठे बसवून मिळतं, हे सांगतो. आणि घरोघरी जातो तेव्हा आधी कळवत नाही. गेल्यावर कागदाआधी आरसा मागतो. त्याने बोलावलं म्हणून लालीबाई पहिल्यांदा गेली. आता सांगावं लागत नाही. एसटीत ती मला मांडीवर घेऊन बसते.

मागच्या महिन्यात तिथे मानीबाई आली होती. तिच्या नवऱ्याला नवी खुर्ची मिळाली होती, आणि माझ्यासारखीच एक गादी, प्लॅस्टिकमध्ये चकचकीत. मानीबाई तिला कुरवाळत म्हणाली, "लई मऊ हाय व. पेटीत ठेवीन, सणावाराले काढीन."

लालीबाई उठली. तिने ती गादी घेतली आणि प्लॅस्टिक दातांनी टराटरा फाडलं. मानीबाई ओरडली, "अव, काय करून राह्यली!" लालीबाईने मला तिच्या मांडीवर ठेवलं, डाग वर करून.

"पाय. माही बी पेटीतच होती. पाय किती नवी ऱ्हायली. गादी ऱ्हायली. पोरगा नाई ऱ्हायला."

मानीबाईने आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे पाय लुळे होते आणि तो हसत होता, अगदी हिरासिंगसारखा. म्हणाला, "मले काई दुखत नाई, मावशी."

संध्याकाळी त्यांचा ऑटो निघाला. नवी गादी नवऱ्याच्या खाली होती की मानीबाईच्या मांडीवर, ते गर्दीत मला दिसलं नाही. शाम कधीतरी न कळवता जाईल, तेव्हा कळेल. त्या दिवसापासून मी पुन्हा अर्धे तास मोजते आहे.

मित्रांनो, मला कोणी वस्तुसंग्रहालयात ठेवावं अशी माझी इच्छा नाही. मला मळवा. माझ्यावर बसून मला दाबून चपटी करा, माझी शिवण उसवू द्या. आणि तुमच्या घरात, शेजारात, गल्लीत कोणी चाकाच्या खुर्चीत बसत असेल, आणि विचारल्यावर हसून "दुखत नाही" म्हणत असेल, तर आज घरी गेल्यावर आधी एक काम करा. त्याची गादी कुठे आहे ते बघा. पेटीला कडी असेल, तर ती उघडा.