सात नंबरची बाई

“सांग रे व्यंकटा, तुज इंग्रजी येतं नव्हे? मी बोलत्ये तसंच सांग. खालीवर करू नको.”

व्यंकटरावांच्या कानात हा आवाज बारा वर्षं राहायला होता. मोठा नव्हता तो. जात्यापाशी बसलेल्या बाईचा असावा तसा, ओघळत्या पिठाला ऐकू जाईल एवढाच. कोर्टातला पंखा करकरत होता, बाहेर चिंचेखाली कुणाचं तरी तान्हं रडत होतं, आणि कठडा धरून उभी राहिलेली राजसबाई जजसाहेबांकडे न बघता दुभाष्याकडे बघून बोलत होती. तमिळ तिला येत होतं, पण ते केळफुलाचा भाव करण्यापुरतं. मरणाची गोष्ट घरच्याच भाषेत सांगेन, असं तिनं वकिलाला बजावलं होतं. म्हणून तंजावरच्या मराठी घरांतून इंग्रजी शिकलेला एक पोरगा शोधून आणला. तो व्यंकट. वय सव्वीस. तिच्याच ओसरीवर ताक पिऊन वाढलेला, तिला वैनी म्हणणारा.

खटला साधा होता. राजसबाईचा थोरला दीर जनकोजी तिच्या विळीच्या घावानं मेला होता. विधवा बाई, पदरात अकरा वर्षांची चंद्रिका, आणि दोघी त्याच्याच घरी, त्याच्याच भातावर. का मारलंस, असं जजसाहेबांनी विचारलं. राजसबाई चार वाक्यं बोलली. व्यंकटनं इंग्रजीत तीन सांगितली.

चौथ्या वाक्यात काय आहे ते तंजावरच्या चाळीसही मराठी घरांना ठाऊक होतं, पण ओठांवर कुणी आणत नव्हतं. त्या दिवशी सकाळी ओट्यावर कोटाची बटणं लावता लावता मानाजीरावांनी, म्हणजे व्यंकटच्या वडिलांनी, त्याला समजावलं होतं. बाई सुटायची नाहीच, विळी तिच्याच हातात सापडली आहे. मग पोरीचं नाव त्या कागदावर कशाला? सरकारी शिक्का लागलेला कागद पुसता येत नाही. उद्या तिला कोण करून घेईल? व्यंकटला ते पटलं. पटायला सोपंही होतं, कारण त्याला मद्रासेत नोकरी लावून देणारी चिठ्ठी जनकोजीच्या चुलतभावाच्या खिशात होती.

खरं पाप मात्र त्याच्या पुढचं. जबानी लिहून झाली की आरोपीला तिच्या भाषेत वाचून दाखवायची असते. व्यंकटनं कागद हातात धरला आणि चारही वाक्यं वाचली. चौथं कागदावर नव्हतंच. तिच्याच तोंडचं होतं, ते त्यानं जसंच्या तसं तिला परत दिलं. राजसबाईनं मान हलवली, मोडीत सही केली. जन्मठेप ऐकली तेव्हा ती रडली नाही. साहेबानं सगळं ऐकलं, आणि ऐकून हेच दिलं, असं समजून ती तुरुंगाच्या गाडीत चढली.

चिठ्ठी खिशातून निघाली. व्यंकट मद्रासेला आला, प्रोबेशनच्या कचेरीत चिकटला, व्यंकटराव झाला. वेस्ट मांबलममध्ये दोन खोल्या, बायको सुंदरी, दाराशी रांगोळी, सकाळी स्टेशनची घाई. संसाराची वीण बाहेरून घट्ट दिसत होती.

एकसष्ट साली दक्षिण गुन्हेशास्त्र मंडळ निघालं. पोलीस अधिकारी, तुरुंगांचे डॉक्टर, दोन वकील, आणि अध्यक्षस्थानी प्रोफेसर कृष्णस्वामी. मंडळात गुन्हा केलेला माणूस तेवढा एकही नव्हता, असं निदान बाकीचे समजत होते. घटना लिहिण्यात सात बैठका गेल्या, त्यातल्या तीन ‘मंडळ’ म्हणावं की ‘परिषद’ यावर. बिल्ल्याची फीत निळी की तांबडी या वादात एका डॉक्टरांनी राजीनामा दिला आणि कॉफी यायच्या आत परत घेतला. व्यंकटराव जोडचिटणीस. रोम, पॅरिस, ब्युनोस आयरिस, जगात जिथं जिथं अशी मंडळं होती तिथं पत्रं लिहायची आणि आलेली उत्तरं फायलीत लावायची, हे त्यांचं काम. परदेशी तिकिटांवरून ते हळूच बोट फिरवत. कुठल्याशा बर्फाच्या गावात आपल्यासारखाच एक माणूस मान खाली घालून बसलाय आणि माणसं चुकतात का याचा विचार करतोय, या कल्पनेनं त्यांना बरं वाटे. कबुली न देता ज्या पंगतीला बसता येतं, अशी ती त्यांना एकच पंगत सापडली होती.

तीन वर्षांनी जागतिक संघटनेचं पत्र आलं. संलग्न व्हायचं तर स्वतःचं संशोधन दाखवा. कृष्णस्वामींनी लगोलग दाखवलं. विषय: विनाकारण हत्या करणाऱ्या स्त्रिया. तुरुंगातल्या दहा बायका, नावं नाहीत, नुसते नंबर. निबंध आधी रविवारच्या वार्षिक सभेत वाचायचा, मग पुढल्या वर्षी कॅनडाच्या परिषदेत. प्रोफेसरांच्या बरोबर व्यंकटरावांनी जायचं, असं तोंडी ठरलंही होतं. सुंदरीनं लोकरीच्या स्वेटरची चौकशी सुरू केली होती. मद्रासेत लोकर कोण विकतं, यावर शेजारणी आठवडाभर हसल्या.

शुक्रवारी टाइप केलेली प्रत तपासताना व्यंकटराव सात नंबरवर आले. तंजावर जिल्हा, विधवा, हत्यार विळी. ‘जबानीत कारण नाही. प्रस्तुत लेखकानं चार भेटींत चार वेळा विचारलं. दर वेळी एकच उत्तर: कोर्टात सांगितलं आहे, पुन्हा सांगणार नाही. पश्चात्तापाचा पूर्ण अभाव. मुदतीआधी सुटका धोक्याची.’

कोर्टात सांगितलं आहे. व्यंकटरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना वाटत आलं होतं, बाई काळानं निवली असेल, विसरली असेल. ती विसरली नव्हती. ती त्या एका वाक्यावर भरवसा ठेवून गप्प बसली होती, आणि ते वाक्य सरकारात कुठंच नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी चंद्रिका आली. तेवीस वर्षांची, प्राथमिक शाळेत मास्तरीण, मामाच्या घरी राहणारी. जनकोजीच्या खुनापायी तिचं नाव राखूनही राहिलं नव्हतं. खुनी बाईची लेक कोण करतो? चाळीस घरांतून एकही निरोप आला नाही. सुंदरीनं कॉफी पुढं केली तेव्हा ती आधी पेल्याकडे बघत राहिली, मग येण्याचं कारण सांगितलं. आईची बारा वर्षं भरली. सुटकेचा अर्ज पुढच्या आठवड्यात समितीपुढं येतोय. समितीवरचे तुरुंग खात्याचे साहेब उद्या मंडळाच्या सभेला पाहुणे आहेत. काकांनी त्यांना दोन शब्द सांगावेत.

व्यंकटराव म्हणाले, बघू. निबंधात काय लिहिलंय ते त्यांनी सांगितलं नाही.

“बघू काय, काका? तुम्ही तर तिथं होतात,” चंद्रिका म्हणाली. “मला आत घेतलं नव्हतं, मी पायरीवर होते. आई म्हणती, अस्की सांगितलं, काही म्हणून राखलं नाही, साहेबानं अस्की लिहून घेतलं. ऐकून माणूस जन्मठेप देतो म्हणजे काय? लहान असताना मीच म्हणायची, त्या साहेबाला लेक नसेल. आता मोठी झाले, तरी तेच म्हणते.”

सुंदरीनं नवऱ्याकडे बघितलं. त्यांनी पेला उचलला, रिकामा होता, तरी ओठांना लावला. जीभ होती, शब्द होते, दोन्ही भाषांमध्ये होते. चंद्रिका उठली. उद्या सभेला मीही येते, साहेबांना स्वतः भेटते, असं म्हणून चपला घालून गेली.

रविवारी सभा सुरू व्हायच्या आधी व्यंकटरावांनी कृष्णस्वामींना व्हरांड्यात गाठलं. सात नंबर गाळा, तिच्या जबानीत एक वाक्य सुटलंय, असं म्हणाले. कुणाकडून सुटलं ते मात्र तोंडातून निघालं नाही. प्रोफेसर मोठे हुशार. त्यांनी फीत सरळ करत विचारलं, जबानीच्या भाषांतराखाली सही तुमची, बरोबर? शपथेवर केलेलं, बरोबर?

“मग बघा हं, राव,” ते हसून म्हणाले, “वाक्य सुटलं असेल तर मला निबंधात अकरावा नंबर घालावा लागेल. आणि तो बाईचा नसेल.”

पाठीवर थाप मारून ते आत गेले. कॅनडाला थंडी फार असते, एवढं जाता जाता म्हणाले.

सभागृह भरलं होतं. बोंड्यांचा वास, अत्तराचा वास, पहिल्या रांगेत तुरुंग खात्याचे साहेब हार मांडीवर घेऊन. व्यंकटराव मंचाच्या कोपऱ्यात वृत्तांताची वही घेऊन बसले. कृष्णस्वामींचा आवाज चांगला होता, बायकांचे नंबर ते मंत्रासारखे म्हणत. चार नंबरला कुणी हसलं. पाच नंबरला साहेबांनी जांभई दिली. सात नंबरला त्यांनी खिशातून पेन काढलं आणि कार्यक्रमपत्रिकेच्या मागं काहीतरी लिहिलं. त्यांनी काय लिहिलं असेल ते व्यंकटरावांना तिथूनही वाचता आलं. स्वतःच्या वहीत मात्र एवढंच उतरलं: सात नंबरचे विवेचन झाले. पुढं पेन हलेना.

टाळ्या झाल्या. प्रश्नांसाठी दहा मिनिटं होती. एका डॉक्टरांनी डोक्याच्या मापाबद्दल विचारलं, एका वकिलांनी स्वतःच्याच एका खटल्याची गोष्ट प्रश्न म्हणून सांगितली. मग शेवटच्या रांगेत सुती पातळ नेसलेली एक मुलगी उभी राहिली. सगळ्या सभेत ती एकटीच बाई.

चंद्रिकेनं शाळेत धडा वाचावा तसं स्वच्छ इंग्रजीत विचारलं. सात नंबरनं कोर्टात कारण सांगितलं होतं. ते तुम्ही वाचून का दाखवलं नाही?

तुम्ही कोण, असं अध्यक्षांनी विचारलं.

“कारण मीच आहे, सर,” ती म्हणाली. “सात नंबरची मुलगी. अकरा वर्षांची होते.”

खुर्च्या करकरल्या. कुणीतरी पुटपुटलं, हिला आत कुणी सोडलं. ती बसली नाही. तिनं पुढच्या खुर्चीची पाठ धरली. जी गोष्ट झाकायला चाळीस घरं, एक बाप आणि एक दुभाषा झटले होते, ती तिनं स्वतःच परक्या माणसांपुढं उघडी करून ठेवली होती, आणि तिला आडोसा द्यायला कुणी उठत नव्हतं.

कृष्णस्वामी शांत होते. रेकॉर्डमध्ये असं काहीही नाही, ते म्हणाले, मी अक्षर न् अक्षर तपासलंय. मुलीला आईबद्दल वाटणारच, पण शास्त्र कागदावर चालतं. आणि योगायोग असा की त्या दिवशीचे दुभाषे आपले जोडचिटणीसच होते. त्यांनाच विचारा. त्यांनी हसून मंचाच्या कोपऱ्याकडे हात केला. व्यंकटराव नाही म्हणणार, याची त्यांना खात्री होती. तशी ती व्यंकटरावांनाही होती.

चंद्रिकेची नजर त्यांच्यावर आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेच वाईट होतं. काका आता सांगतील आणि सगळं नीट होईल, अशी ती बघत होती.

व्यंकटराव उठले. मांडीवरची वही खाली पडली. त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली, ‘मिस्टर प्रेसिडेंट’ म्हणाले आणि अडले. ते वाक्य त्यांना इंग्रजीत कधी करावंच लागलं नव्हतं. मग त्यांनी अध्यक्षांकडे, साहेबांकडे बघणं सोडलं, मागच्या रांगेकडे बघितलं आणि घरच्या भाषेत बोलले. बोलून झाल्यावर तेच, एकही शब्द खालीवर न करता, पहिल्या रांगेसाठी इंग्रजीत बोलले.

“वैनी म्हणाली होती, ‘माझ्या लेकीच्या अंगाला त्यानं हात लावला, दोनदा मी त्याचे पाय धरले, तिसऱ्यांदा विळी धरली.’ असं ती बोलली, मी ऐकलं, आणि जजसाहेबांना सांगितलं नाही.”