खांब मुळात कुठं होता

मागच्या पावसात मासोप डोंगराची एक कड खचली आणि सीमेचा सिमेंटचा खांब लाबूच्या कांद्याच्या वाफ्यांसकट घसरत त्याच्या घराच्या खालच्या उतारावर येऊन रुतला. घर मात्र जागच्या जागी राहिलं. लाबू म्हणजे माझी धाकटी बहीण चेपोशाक हिचा नवरा. खांबाच्या वर केनिया, खाली आमचा युगांडा. बाई निजली आपल्या देशात आणि उठली परदेशात! सगळे पोट धरून हसले. मग पहाऱ्यावरचा शिपाई म्हणाला, "मोजणीवाले येतायत. खांब इथंच राहिला तर तुमच्या जमिनीचा कागद फुकट. घर सोडावं लागेल." हसणं तिथंच थांबलं.

मोजणीच्या आदल्या दिवशी गावातल्या सहा जणांनी खांब उपटून खांद्यावरून वर धारेवर नेला. हेतू चांगलाच. पण "थोडा पुढंच रोवू, म्हणजे लाबूचा धारेपलीकडचा गोठाही आत येईल" असं म्हणत बारा पावलं पलीकडे रोवला.

दुसरा दिवस ईस्टरआधीच्या उपवासातला शुक्रवार. त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत मी खात नाही, बोलत नाही. चौदा वर्षांचा नेम.

दोन्हीकडचे साहेब आले. ओली माती बघून एकानं विचारलं, "खांब चालत आला वाटतं?"

"मासोपचं काय सांगावं साहेब," लाबू म्हणाला, "उतरतो तसा चढतही असेल."

साहेबांना हसू आलं नाही. "खरी जागा कुणी दाखवली तर ठीक. नाहीतर खाली रुतला होता तीच हद्द."

सहाही जण आपापली पावलं बघत उभे राहिले. चेपोशाकनं माझ्याकडे बघितलं.

जागा मला ठाऊक होती. आमची पोरगी पलीकडे दिली की दोन्ही आया धारेवरच्या एका खडकावर दूध ओततात. निम्मं त्यांच्या ओढ्याकडे जातं, निम्मं आमच्या. खांब त्या खडकाला लागूनच होता. मी दोन मुलींच्या वेळी ओतलं होतं. देवाची मनातच क्षमा मागितली आणि म्हणाले, "या माझ्यामागून. आणि कुणीतरी घागरभर पाणी आणा."

पाणी खडकावर पडलं, थबकलं आणि दोन वाटांनी निघालं. साहेबांनी यंत्र लावलं, बराच वेळ आकडे जुळवले, मान डोलावली. घर युगांडात आलं. गोठा केनियात गेला.

"ताई, बारा पावलांचंसुद्धा खोटं जमलं नाही तुम्हाला?" लाबू कुरकुरला.

"नेम मोडला तो काय खोटं बोलायला?"

चेपोशाक माझ्या शेजारी मटकन बसली. रडता रडताच म्हणाली, "म्हणजे आता शेण काढायला रोज परदेशी जायचं मी?"

पलीकडचा शिपाई ओरडला, "या की मावशी! फक्त शेणाची पाटी आमच्या हद्दीत उपडी करू नका."

"तुझ्या डोक्यावर करते, थांब!" ती म्हणाली, आणि डोक्यावरच्या फडक्यानं डोळे पुसत गाय सोडायला उठली.