हाडं आमची

आमच्या कोकणातल्या माणसांची एक खोड आहे. पोराला शाळेत घालताना मास्तरांना आपणहून सांगायचं, चामडी तुमची, हाडं आमची. म्हणजे हवं तेवढं फोडून काढा, फक्त मोडू नका. मुलुंडच्या शाळेत माझ्या भावाचं, लवूचं नाव घातलं तेव्हा आईनेही टिपरे सरांना हेच सांगितलं. सर खूश झाले. मेल्याला तेवढंच हवं होतं.

टिपरे सरांची शिस्त म्हणजे स्वतः आधी हात लावायचा नाही. दोन पोरांनी दंगा केला की दोघांना समोरासमोर उभं करायचं आणि एकमेकांच्या थोबाडीत मारायला लावायचं. जो हळू मारेल त्याला सर बघून घेणार. त्या भीतीने जिवाभावाचे दोस्तही एकमेकांचे गाल सुजवायचे. हेडमास्तर म्हणायचे, आठवी ब सारखी शिस्त कुठेच नाही. डोंबलाची शिस्त!

मी आजारपणात एक वर्ष मागे पडले होते, म्हणून लवू आणि मी एकाच वर्गात. लवू पखवाज वाजवायचा. गिरणीच्या संपात बाबांची नोकरी गेली तेव्हापासून ते घरात धड बोलत नव्हते, पण लवूने पखवाज घेतला की भिंतीला टेकून ऐकत बसायचे. त्या वर्षी दसऱ्याच्या भजनाच्या बारीला, म्हणजे दोन मंडळांच्या सामन्याला, लवूच पखवाजावर बसणार, असं आमच्या मंडळाच्या बुवांनी जाहीर केलं होतं. पोरगं नुसतं हवेत होतं.

त्याच नादात त्याने भूगोलाच्या तासाला बाकावर ठेका धरला. शेजारी बसलेला खंडू मान डोलवायला लागला. सरांनी दोघांना पुढे बोलावलं.

खंडूने मारली. लवूचा ओठ फुटला. मग लवूची पाळी आली, आणि तो नुसता उभा राहिला. खंडूच्या कानाचं महिन्यापूर्वीच ऑपरेशन झालं होतं, कापूस अजून कानातच होता.

"सर, त्याच्या कानाला लागेल. मी नाही मारणार," लवू म्हणाला.

खंडू रडत सांगत होता, मार रे, मार. लवू हलला नाही. सरांचं तोंड लालबुंद झालं. छडी दोन फटक्यांत तुटली, तेव्हा त्यांनी दाराचा लाकडी अडसर उचलला. लवूने हात मागे घेतला नाही, तेवढाच काय तो त्याचा माज. तिसऱ्या फटक्याला मनगटातून सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. लवू खाली बसला, त्याला ओकारी झाली, आणि तरी सरांनी त्याच्या पाठीत लाथ घातली. मला आजही तो माणूस समोर आला तर मी त्याला चावेन.

खंडू धावत जाऊन आमच्या आईला घेऊन आला. आई बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती, डोक्याचा रुमालही तिने सोडला नव्हता. हेडमास्तर तिला वर्गातच शिस्तीचं महत्त्व सांगायला लागले. तिने लवूचा लोंबणारा हात बघितला. मग कोपऱ्यातला अडसर उचलला.

"मास्तरांनू, चामडी तुमची, हाडां आमची, असा मी तुमका सांगलेलंय," आई शांतपणे म्हणाली. "मगे माझ्या झिलाचा हाड कित्याक मोडलास?"

सरांनी तोंडावर हात धरला. तिने त्याच हातावर मारलं. पुन्हा मारलं. सर टेबलाखाली शिरले तेव्हा वर्गात कुणीही हसलं नाही.

इस्पितळात प्लास्टरच्या रांगेत लवू पुढे आणि सर मागे. कंपाउंडरने विचारलं, याला कुणी मारलं? आईने सरांकडे बोट केलं. आणि यांना? आईने स्वतःकडे बोट केलं.

डॉक्टरांनी आईला बाजूला घेतलं. हाड जुळेल म्हणाले, पण शीर दुखावली आहे, बोटं पूर्वीसारखी चालणार नाहीत. लवू बाकावर बसून डाव्या हाताने मांडीवर ठेका धरत होता. उजव्याच्या जागी मध्येच थांबायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

आई रडली नाही.  माझ्या कानाशी वाकली.

"सुले, त्या मास्तराचो दुसरो हात ऱ्हवलो गो."