तोंड मिटून दोन वर्षं

माझी लेक घरात आली की भिंतींनाही कान झाकून घ्यावेसे वाटत असतील. दप्तर खांद्यावरच, आणि कोण कुणाशी भांडलं, कुणाचा दात पडला, सगळं सुरू. हॉटेलच्या लाँड्रीत दिवसभर चादरींना इस्त्री करून माझं डोकं उठलेलं असायचं. "बाई गं, जरा श्वास घे," मी वैतागायचे.

म्हणून पोरांसकट भरलेल्या पालकसभेत तिच्या बाई काय म्हणाल्या ते माझ्या डोक्यातच शिरेना. या परक्या देशातली भाषा मला अजून लाँड्रीपुरतीच येते. मी पुन्हा विचारलं.

बाई सावकाश म्हणाल्या, "मुकी असूनही मुलगी किती छान रुळलीय! तिच्यासाठी अख्खा वर्ग खुणांनी बोलायला शिकला. दर वेळी चिठ्ठीतून कळवलं की तुम्हाला."

चिठ्ठ्या? त्या तर लेकच वाचून दाखवायची. "सहलीची आहे गं, सही कर."

मी वर्गाकडे पाहिलं. तीस पोरं हात हलवून गप्पा मारत होती. मधोमध माझी लेक, बोटं भराभर चालवत, आवाज न करता हसत होती. मुकी? माझी?

आणि मग आठवलं. शाळेचा पहिला दिवस, फाटकापाशी तिची वेणी घट्ट करत मीच बजावलं होतं, "भाषा नीट येईपर्यंत तोंड उघडू नकोस. हसतात." त्याच आठवड्यात माझ्या बोलण्यावर इस्त्रीच्या टेबलाभोवतीच्या सगळ्या बायका हसल्या होत्या आणि मी संडासात जाऊन रडले होते. मी बोलले आणि विसरूनही गेले. पोरीने दोन वर्षं पाळलं. माझी मलाच भयंकर लाज वाटली.

मी उठले. मोडकंतोडकं, पण मोठ्याने बोलले. "माझी मुलगी बोलते. खूप. मी, नको बोलू, सांगितलं."

मागच्या बाकावर कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"माझ्या आईला हसायचं नाही!"

लेकीचा आवाज. त्यांच्या भाषेत, इथेच जन्मल्यासारखा, कुठेही न अडखळता. बाई मटकन पोराच्या खुर्चीत बसल्या. वर्गात एकही हात हलेना.

मग शेजारच्या मुलीने खुणेने तिला काहीतरी विचारलं. मग इतके दिवस का नाही बोललीस? एवढं मलाही कळलं.

लेकीने सवयीने हातानेच उत्तर दिलं. माझ्याकडे बोट दाखवलं.