कठड्याची लाल चिंधी

श्यामकांत प्रधानांच्या दुमजली घराला मांजर्लीत 'प्रधानांचा बंगला' म्हणत, आणि ते ऐकायला प्रधानांना फार आवडे. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते अधिकारी. खाली स्वतः राहायचे. माडीवर भगवान, त्याची बायको द्रौपदी आणि म्हातारी आई सरस्वती, हे भाडेकरू. माडीपुढं लाकडी कठड्याची गॅलरी होती, आणि त्या कठड्याचा जिन्याजवळचा तुकडा पार कुजला होता.

आता हे मालकांना ठाऊक नव्हतं, असं कुणी म्हणू नये. भगवाननं सतरांदा सांगितलं होतं. पण मालकांचं आपलं आजचं उद्यावर! आधी म्हणे पाऊस संपू दे. पाऊस ओसरला तर पितृपक्ष लागला, आणि पितृपक्षात कुणी घराचं काम काढतं का? मग सुतार गावाला गेला. तो आला तेव्हा मालकांना सवड नव्हती. शेवटी द्रौपदीनंच आपल्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी फाडून त्या तुकड्याला करकचून बांधली. सासूला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. म्हातारी कठड्यावरून हात फिरवत गॅलरीच्या टोकाच्या मोरीपर्यंत जायची, आणि हाताला गाठ लागली की कठडा सोडून भिंत धरायची. झालं! मालकांना वाटलं, चला, आपल्या डोक्याचा ताप गेला.

अठ्ठ्याऐंशीच्या मार्गशीर्षात प्रधानांच्या मीनलला बघायला ठाण्याची चौबळ मंडळी येणार असं ठरलं. आधी दोन ठिकाणांहून नकार आला होता, त्यामुळे मीनलची आई मालिनीबाई देव पाण्यात घालून बसल्या होत्या. प्रधान अंगणात उभे राहून वर बघतात तो काय, ती लाल चिंधी! पाहुणे आल्या आल्या पहिली तीच दिसणार. लोक म्हणतील, अधिकाऱ्याच्या घराला चिंध्या?

शनिवारी त्यांनी स्वतःच हिरवा ऑइलपेंट आणला. द्रौपदी उल्हासनगरला भावाकडे गेली होती, भगवान रात्रपाळी करून घोरत होता. "मावशी, रंग ओला आहे, आज कठड्याला हात लावू नका हं," एवढं मात्र त्यांनी सरस्वतीबाईंना बजावलं. चिंधी कापली, कुजक्या लाकडाला दोन हात जाड मारले, आणि त्या चिंधीलाच ब्रश पुसला. पाहुणे गेले की दुसरी बांधू, असं मनाशी म्हणाले. खरंच म्हणाले. पण मनातल्या मनात बांधलेली चिंधी कुणाच्या हाताला लागते?

रविवारी चौबळ मंडळी अंगणात खुर्च्या टाकून पोहे खात होती. मीनल मान खाली घालून बसली होती. शरदचंद्र चौबळांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "घर टापटीप ठेवलंयत हो. घरावरून माणूस कळतो." प्रधान नुसते फुलून गेले.

तेवढ्यात कडाड् आवाज झाला. सरस्वतीबाई वरून थेट केळीच्या आळ्यात पडल्या. चिखल होता म्हणून जीव वाचला. हातात कठड्याचा हिरवागार तुकडा तसाच होता.

"अहो, कठडा मोडला की काय?" चौबळ ओरडत उठले.

"छे, छे! त्यांना चक्कर येते," प्रधानांच्या तोंडून निघून गेलं. "वय झालं ना."

भगवान झोपेतून उठून धावत खाली आला. त्यानं लाकूड बघितलं, मग मालकांकडं बघितलं. आईला घेऊन दुसरी खोली कुठं शोधायची, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तो म्हणाला, "हो. चक्कर येते आईला."

प्रधानांनीच रिक्षा आणली, म्हातारीला हातांवर उचललं, दवाखान्यात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. चौबळीणबाईंना ते सगळं इतकं भावलं की त्यांचा होकार घेऊनच निरोप आला. "भाडेकरणीला आईसारखं जपणारं घर!" प्रधानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण नकार देतील कसा? लेकीचं कल्याण होत होतं.

संध्याकाळी दवाखान्यात आलेल्या द्रौपदीनं एवढंच विचारलं, "चिंधी?" मालकांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

"खोली पायजे म्हणून तोंड शिवलंय," ती म्हणाली. "पण फळंबिळं घेऊन येऊ नका."

दोन वर्षं जे जमलं नव्हतं ते आठवड्यात झालं. जाडजूड लोखंडी कठडा बसला. सरस्वतीबाई काठी धरून चालायला लागल्या, पण खोलीबाहेर काही येईनात.

साखरपुड्याचे लाडू द्यायला प्रधान मीनलला घेऊन माडीवर गेले. म्हातारीनं चाचपत मीनलच्या तोंडावरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली.

"मावशी, गॅलरीत बसा की," प्रधान म्हणाले. "आता लोखंडी कठडा आहे."

"लोखंडाला काय करू बाबा? माझंच डोकं गेलंय." म्हातारी खालच्या आवाजात बोलायला लागली. "गाठ लागली की कठडा सोडायची, कधी गाफील राहिले न्हाई. त्या दिवशी गाठच लागली न्हाई बघा. समदे म्हणतात चक्कर आली, डाक्तरनं गोळ्या दिल्यात, म्हणजे आली असंल. आता मोरीवर जायचं तरी सुनेला हाक मारते. भ्या वाटतं. उद्या लेकाला वळखायची न्हाई मी."

द्रौपदी चुलीशी हात थांबवून मालकांकडं बघत होती. मीनलही बघत होती. प्रधानांना गप्प बसून खाली उतरता आलं असतं. आजवर तेच केलं होतं.

"तुमचं डोकं शाबूत आहे, मावशी," ते म्हणाले. "गाठ नव्हतीच. मी कापली. पाहुण्यांना दिसू नये म्हणून."

मीनलच्या हातातलं ताट खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"म्हंजे मला चक्कर आलीच न्हवती?" म्हातारीनं विचारलं.

"नाही."

"मग इतके दिस मला येडी का ठरवलीत, मालक? हाड मोडलं ते मोडलं. पण हे का केलंत?"

माफी मागायला प्रधानांनी तोंड उघडलं, पण म्हातारी त्यांच्यासाठी थांबली नाही.

"द्रौपदे, काठी दे," ती म्हणाली. "मोरीवर जाते. एकलीच जाते. अन् मालक, जरा दारातनं बाजूला व्हा."

प्रधान बाजूला झाले.