मागच्या खोलीतली गादी

झेल्याझ्कोने टोपी काढली, घातली, पुन्हा काढली आणि डॉक्टर मिंचेवांच्या दारावर तिसऱ्यांदा टकटक केली.

"आजोबा, रिपोर्ट आला की बोलावते म्हटलं ना!"

तो परत इस्पितळाच्या व्हरांड्याच्या टोकाला गेला. बसवेना, उभंही राहवेना. नऊ दिवसांपूर्वी त्याच्या बायकोचं, नेद्याल्काचं, दुसरं ऑपरेशन झालं होतं. पहिल्या वेळी कापलेल्या कातडीच्या कडेला रोग उरलेला सापडला, म्हणून आणखी रुंद कापून मांडीची कातडी तिथं लावली होती. 'तिथं' म्हणजे नेमकं कुठं, हे त्याला ठाऊक नव्हतं. "बायकांचं आहे," एवढंच बायको म्हणाली होती, आणि सेहेचाळीस वर्षांच्या संसारात तो अशा वेळी पुढचं विचारायचा नाही.

अकराच्या सुमाराला डॉक्टरांनी त्याला आत घेतलं.

"कडा स्वच्छ आल्या. सगळीकडून."

त्याने खुर्चीची पाठ धरली. "म्हणजे सुटली?"

"आत्ता तरी. हा कातडीचा कॅन्सर फार थोड्यांना होतो, आणि परतही येतो. दर सहा महिन्यांनी आणायचं त्यांना." त्यांनी कागदावर दोन रेघा ओढल्या. "हे बघा, जांघेपासून इथपर्यंत. दिसतो नायट्यासारखा, म्हणून चार वर्षं मलमं लावत राहिल्या. खाज, आग, रक्त. अंगावर कपडा सोसत नसेल. तुम्हाला कधीच सांगितलं नाही?"

झेल्याझ्को कागदाकडे बघत राहिला.

चार वर्षांपूर्वी, द्राक्षतोडणी आटोपल्यावर, नेद्याल्काने आपली गादी उचलून मागच्या खोलीत नेली होती. "तुझं घोरणं ऐकवत नाही," म्हणाली. त्याने अडवलं नाही; मनात मात्र अढी धरली. जेवताना रेडिओ मोठ्याने लावायला लागला. भावाच्या घरी जेवणावळीत ग्लास उंचावून म्हणाला होता, "आमच्या घराचा आता मठ झालाय!" सगळे पोट धरून हसले.

वॉर्डात नेद्याल्का उशीला टेकून, पांघरूण मुठीत घट्ट धरून बसली होती.

"काय म्हणाली डॉक्टर?"

"कडा स्वच्छ."

तिने डोळे मिटून छातीवर क्रूसाची खूण केली. मग एक डोळा उघडला. "आणखी काय?"

"सहा महिन्यांनी यायचंय."

"एवढं सांगायला अर्धा तास?"

त्याने खुर्ची जवळ ओढली.

"लांब बस, म्हाताऱ्या. जखमेचा वास येतो."

तो हलला नाही. टोपी गुडघ्यावर फिरवत राहिला.

"भावाकडे त्या दिवशी... मी मठ म्हणालो."

"सगळे हसले होते," ती म्हणाली. "मीही हसले."

"हो. बघितलं मी."

शेजारच्या पलंगावरची बाई मुद्दाम खिडकीकडे वळली.

"चित्र काढून दाखवलं वाटतं तिने," नेद्याल्का म्हणाली.

त्याने होकाराची मान हलवली.

ऑपरेशनपासून मुठीत धरलेलं ते पांघरूण तिने सोडून दिलं.