कोऱ्या नळीत काय निघालं

मी एक कोरी नळी बोलतेय. करंगळीच्या पेराएवढी, प्लास्टिकची, डोक्यावर घट्ट झाकण. हजार बहिणींबरोबर एका पाकिटातून मी प्रयोगशाळेत आले. त्यांच्या नशिबी आजारी माणसांचं रक्त, माझ्या नशिबी नुसतं पाणी. त्यांच्यात काही सापडलं की टाळ्या. माझ्यात काहीही सापडू नये, एवढीच माझी नोकरी. मी कोरी राहिले म्हणजे काम स्वच्छ झालं. नाक मुरडू नका, असल्या नोकरीलाही मान असतो.

आमच्या संशोधक बाईंना एकच ध्यास. वर्षानुवर्षं न सरणाऱ्या थकव्याच्या आजारामागे एखादा विषाणू आहे का, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांची थोरली बहीण, ताई, मुलांना पोहायला शिकवायची. एकदा तिला ताप आला. ताप उतरला, पण ताई काही उभी राहिली नाही. केस विंचरले की तासभर आडवं व्हायचं. आज केस धुतले तर अंघोळ उद्या. नऊ वर्षं तपासण्या झाल्या आणि प्रत्येक डॉक्टर म्हणाला, "तुम्हाला काही नाही झालेलं." हे सगळं मला बाईंच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं.

मी आले तेव्हा प्रयोगशाळेत आनंदीआनंद होता. आजाऱ्यांच्या रक्तात एका विषाणूची खूण मिळत होती, निरोगी लोकांच्या रक्तात नाही. आमचे प्रमुख, म्हणजे सर, शुक्रवारी परिषदेत ते जाहीर करणार होते. बाईंना मात्र तेवढाही धीर धरवला नाही. त्यांनी ताईला सांगून टाकलं, "सापडला गं!"

आमच्याकडची पद्धत अशी की कोरी नळी सगळ्यांत आधी, खिडकीपाशच्या टेबलावर भरायची आणि झाकण लावून ठेवायची. मग आजाऱ्यांच्या रक्ताच्या नळ्या आतल्या टेबलावर. त्या सकाळी बाई मला उचलणार तोच फोन वाजला.

"अगं, आज मी उभं राहून चहा केला. स्वतःचा स्वतः!" ताई म्हणाली. "तुझा विषाणू नाव ऐकूनच पळाला वाटतं."

बाई हसल्या, रडल्या आणि मला साफ विसरल्या. आठवण झाली तेव्हा रक्ताच्या नळ्या भरून झाल्या होत्या. मग तिथेच, आतल्या टेबलावर, थेंब मोजून सोडायच्या तिथल्याच पिपेटने त्यांनी माझ्यात पाणी घातलं.

यंत्राच्या पडद्यावर माझी रेघ वर चढली. नुसत्या पाण्यात विषाणू! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एखादी नळी बिघडते," सर म्हणाले. "टाकून दे, उद्या परत लाव."

"टाकून नाही देता येणार, सर."

"अगं, तुझ्या ताईसाठीच चाललंय ना हे सगळं?"

"म्हणूनच."

बाईंनी पदर खोचला. खिडकीपाशी वीस कोऱ्या नळ्या भरल्या, आतल्या टेबलावर वीस. खिडकीच्या सगळ्या स्वच्छ निघाल्या. आतल्यांपैकी तेरांत विषाणू! जुन्या नोंदी चाळल्यावर कळलं की आतल्या टेबलावर पूर्वी उंदरांच्या पेशींवर काम चालायचं. त्या पेशींत हाच विषाणू होता आणि त्याचा अंश पिपेटमध्ये राहून गेला होता. निरोगी लोकांचं रक्त मात्र नेहमी खिडकीपाशी तपासलं जायचं. फरक आजाराचा नव्हताच, टेबलाचा होता. सरांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि भाषण रद्द करायला परिषदेला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी बाई मला खिशात घालून ताईकडे गेल्या. पडदे ओढलेले होते. एका चहापायी ताई तेव्हापासून अंथरुणाला खिळली होती.

"ताई, चुकलं माझं. सापडला नव्हता गं."

ताईने उशीवरून मान वळवली. "म्हणजे मला परत काही नाही?"

"तसं मी कधीच म्हणणार नाही. हा विषाणू तो नव्हे, एवढंच कळलंय." बाईंनी मला तिच्या तळहातावर ठेवलं आणि सगळं सांगितलं.

"हिच्यात काही नसायला हवं होतं?"

"हो."

"तरी तू पुन्हा बघितलंस?"

"चाळीस वेळा."

ताईने डोळे मिटले, दम घेतला. "नऊ वर्षांत माझ्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघितलं नाही." मग तिने बाही वर सारली. "रक्त कधी घेतेस?"

तेव्हापासून मी ताईच्या उशाशी, औषधांच्या डबीशेजारी असते. तिकडे काम पहिल्यापासून सुरू झालंय. आता सगळ्यांचं रक्त एकाच टेबलावर तपासतात, कुणाचं रक्त ते आधी कळू नये म्हणून नळ्यांवर नावं नसतात आणि दर पाच नळ्यांमागे माझी एक कोरी बहीण बसते. अजून काही सापडलेलं नाही. बाईंनी हातही टेकलेले नाहीत.

माझी तुम्हाला एकच विनंती आहे. कुणी थकलोय म्हणालं, तर 'काही नाही झालेलं' म्हणायच्या आधी एकदा परत बघा.

ताईला दिवसभरात मोजकीच वाक्यं झेपतात. त्यातलं पहिलं ती रोज सकाळी फोनवर बाईंसाठी खर्च करते, "कोरी भरलीस का?" पलीकडून "हो" आलं की ती मला डबीशेजारी सरळ उभी करते आणि डोळे मिटून घेते.